शालनकाकीची अर्धी जीभ

परवा कोल्हापुरात दातांच्या दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून बघितलं आणि म्हणाले, "खालची उजवी अक्कलदाढ आडवी आलीय. काढावी लागेल." मला एकदम हसू आलं. तोंड उघडं, आत आरसा, आणि मी हसतेय. डॉक्टर म्हणाले, "रडणारे पुष्कळ बघितले, हसणारी तू पहिलीच." कारण सांगायचं होतं, पण तशा अवस्थेत बोलता येत नव्हतं. खोलीवर आल्यावर वाटलं, लिहूनच काढावं.

मला नीट जमेल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. माणसाबद्दल लिहायचं तर त्याचा जन्म कुठला, शिक्षण किती, हे आधी यायला हवं असं मला वाटतं. आणि शालनकाकीबद्दल मला तेच ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ती तिची खानावळ आणि तिची जीभ.

रत्नागिरीत मिरकरवाड्याहून वर येणाऱ्या चढावर काकीचं घर होतं. पुढच्या पडवीत चार बाकं, आत स्वयंपाकघर, मध्ये अर्धा पडदा. जेवायला बंदरावरचे खलाशी, बर्फाच्या कारखान्यातले दोघंतिघं आणि आम्ही कॉलेजची पाचसहा मुलं. काकीचे यजमान पूर्वी तांडेल होते, म्हणजे होडी त्यांच्या हुकमाने चालायची. गुडघे गेल्यापासून ते पडवीच्या पायरीवर बसून जाळी विणत. त्यांना सगळे तांडेलकाका म्हणत, आणि त्यांचा हुकूम आता फक्त मांजरावर चालायचा.

मी संगमेश्वरजवळच्या खेड्यातली. पहिल्या दिवशी ताटात चमचाभर भात घेऊन कोपऱ्यात बसले. काकी पडदा सारून बाहेर आली आणि माझ्या ताटाकडे बघत राहिली.

"एवढ्याशा भातावर बी. ए. होनार तू?"

"तुम्ही वाढाल तेवढं घेईन," मी म्हणाले.

"तुमी-बिमी नको. काकी म्हन नि तू म्हन. तुजी आई कुळथाच्या पिठीत काय घालते?"

मी सांगितलं, आमसूल आणि ठेचलेली लसूण. तिने मान हलवली आणि आत गेली. आठवड्याने, मला घरची फार आठवण येत असताना, ताटात कुळथाची पिठी आली. आईच्या हातचीच वाटावी अशी. जयगडच्या ओंकारलाही तिने असंच विचारलं होतं, कोल्हापूरहून आलेल्या सुजितलाही. प्रत्येकाच्या आईचं एखादं कालवण तिच्या डोक्यात असायचं, आणि ज्याचा चेहरा उतरलेला दिसेल त्याच्या आईचा नंबर त्या दिवशी लागायचा.

तिची चाखायची एक रीत होती. कालवण उकळलं की पळीतला एक थेंब डाव्या हाताच्या पालथ्या बाजूवर टाकायचा, फुंकर मारायची, चाटायचा, क्षणभर छताकडे बघायचं आणि जीभ टाळूला लावून 'टक' असा आवाज काढायचा. तो आवाज पडवीत ऐकू यायचा. टक वाजला म्हणजे कालवण पास. तोपर्यंत कुणी ताटाला हात लावायचा नाही, असा नियम कुणी केलेला नव्हता, पण आम्ही सगळे पाळायचो. बोलत असलो तरी एक कान आत असायचा. टक वाजला की बाकं सरकायची, ताटं वाजायची. टक वाजला नाही तर आतून काकीचा आवाज यायचा, "थांबा रे मेल्यांनो, आमसूल कमी हाय."

तर ही काकी, जी जिवंत चिंबोरीच्या नांग्या नुसत्या हाताने मोडायची, ती दातांच्या डॉक्टरला मात्र घाबरायची. तिची उजवी अक्कलदाढ कित्येक महिने दुखत होती. गालात कायम लवंग. आळीतल्या प्रत्येक बाईचं एक औषध करून झालं होतं. आम्ही काही बोललो की म्हणायची, "होड्या किनाऱ्याला लागू देत, मग बघू."

हे मला आधी कळायचं नाही. मग कळलं की बंदरावर सगळ्यांचं तसंच असतं. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की लोक जाळी दुरुस्त करतात, इंजिनं खोलतात, आणि वर्षभर मागे टाकलेली दुखणीही त्याच दिवसांत काढतात. खलाशी गावी गेलेले असतात, खानावळीत गर्दी नसते. त्या आषाढात काकीने इंजिनाबरोबर दाढ काढायचं ठरवलं.

"तू चल माज्याबरोबर," ती मला म्हणाली. "डॉक्टरीनबाई पुस्तकातला बोलते. तुला समजेल."

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, फार नीट समजावून सांगणाऱ्या. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. "काकी, तुमच्या दाढेच्या आतल्या बाजूला जिभेची नस असते. दाढ आडवी आहे, त्यामुळे काढताना ती नस दुखावू शकते. मग जिभेची ती बाजू काही दिवस, काही महिने बधिर राहते, चव लागत नाही. अगदी क्वचित कायमचं राहतं. पण हे होणंच फार क्वचित."

"क्वचित म्हंजे? तुमच्याकडं कुनाला झालाय?"

"माझ्या पेशंटपैकी अजून कुणालाच नाही."

"मग काडा."

दाढ व्यवस्थित निघाली. टाके पडले, बर्फ लावला, काकी दोन दिवस पेज प्यायली. इंजेक्शनचा बधिरपणा संध्याकाळपर्यंत जाईल असं मॅडम म्हणाल्या होत्या. गालाचा गेला, ओठाचा गेला. जिभेच्या उजव्या अर्ध्या भागाचा मात्र गेला नाही.

काकीने हे कुणाला सांगितलं नाही. तिला वाटलं, आज ना उद्या जाईल. तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढे उभी राहिली. सुक्या बोंबलांची आमटी होती. आम्ही पडवीत कान लावून बसलो. टक काही वाजला नाही. बऱ्याच वेळाने काकीनेच ताटं बाहेर आणली.

पहिला घास खाल्ला आणि सुजितने माझ्याकडे बघितलं. मी ओंकारकडे बघितलं. ओंकारने तांब्या उचलला. काकीला 'खारट झालंय' म्हणण्याची हिंमत कुणात नव्हती. शिवाय ती नुकतीच आजारातून उठलेली. आम्ही नुसते पाणी पीत राहिलो. एरवी रात्रीपर्यंत पुरणारं पाण्याचं पिंप जेवणं संपायच्या आत रिकामं झालं. शेवटी तांडेलकाका जेवायला बसले. एक भुरका मारला आणि ताट खाली ठेवलं.

"शालन, आख्खा दर्या उपसून आनलास काय गो?"

काकी पडद्याआडून बाहेर आली. आमच्या तोंडांकडे बघितलं, मग रिकाम्या पिंपाकडे. आणि तिथेच बाकावर बसली.

"मला मीठ लागतच नव्हता," ती म्हणाली. "म्हनून घालत गेले."

दुसऱ्या दिवशी आम्ही परत डॉक्टरांकडे. मॅडमचा चेहरा पडला. त्यांनी बारीक टोकाने जीभ टोचून बघितली, मग कापसाच्या काडीला साखरेचं पाणी लावलं. "जीभ बाहेर काढून ठेवा. आत घ्यायची नाही. काय लागतंय, ते बोटाने दाखवा." कागदाच्या चिठ्ठ्यांवर गोड, खारट, आंबट, कडू असं लिहून समोर ठेवलं होतं. काकीने ठामपणे 'गोड'वर बोट ठेवलं. मॅडम खूश झाल्या. मिठाची काडी लावली. 'खारट'वर बोट. मॅडम आणखी खूश. मग त्यांच्या लक्षात आलं की काडी काढली की काकी जीभ हळूच आत घेते, डावीकडे चाटते आणि मग बोट ठेवते.

"काकी, ही परीक्षा आहे. कॉपी करायची नाही."

"नापास करशील म्हनून केली."

मॅडम हसल्या, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "मी काळजी घेतली होती हो." काकीनेच त्यांच्या हातावर थोपटलं. "तू आधी सांगितला होतास ना? मग झाला. घोळ मासा कवातरी एकदाच जाळ्यात गावतो. सगळा बंदर बगायला जातो. तसा मी तुला गावले."

नस सहसा हळूहळू भरून येते, काही महिने लागतात, नाही आली तर मोठ्या सर्जनला दाखवू, असं मॅडमनी सांगितलं. तोपर्यंत गरम काही पिताना सांभाळायचं, जेवताना जीभ चावायची नाही. परतताना काकी कुठेच थांबली नाही. एरवी ती चढावरच्या प्रत्येक दारात थांबून बोलायची.

त्या रात्री मी मोबाइलवर शोधून शोधून वाचलं. वाटलं, हे एकट्या काकीलाच झालेलं नाही, असं तिला कळलं तर बरं वाटेल. दुपारी जेवणं आटपल्यावर तिच्यापाशी बसून सांगायला लागले. दात साफ करताना हवा कातडीखाली शिरून एखाद्याचा गाल फुगतो आणि दाबला की कुरकुर वाजतो.

"आयशप्पत? पापडासारखा?"

"असंच लिहिलंय. आणि कुणाचं तोंड फार वेळ उघडं ठेवल्यामुळे जबडा निसटतो. मग ते उघडंच राहतं, डॉक्टर बसवेपर्यंत."

"बरा. अजून सांग."

"इंजेक्शन भलतीकडे लागलं तर अर्धा चेहरा काही तास खाली उतरतो. डोळा मिटत नाही. एकाने तर दातावर बसवायची टोपीच गिळली."

"मग?"

"मग वाट बघितली."

काकी इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले. त्यानंतर रोज विचारायची, "आज कुनाचा काय झाला गो?" एकदा मी सांगितलं की इंजेक्शननंतर जबड्याचा स्नायू आखडून काही जणांचं तोंड काही दिवस उघडतच नाही. तिने पायरीवर बसलेल्या तांडेलकाकांकडे मान वळवली. "हा चांगला हाय. ह्यांना कुठल्या डॉक्टरकडं न्यायचा, तेवडा विचारून ठेव."

"मी ऐकतोय हां," तांडेलकाका जाळ्यातून मान वर न करता म्हणाले.

हसणं वेगळं आणि चूल वेगळी. काडीवरचं नुसतं मीठ डावीकडे कळायचं, पण कालवण चाखलं तर अर्धी जीभ गप्प आणि उरलेली भलतंच सांगायची. कधी काहीच लागायचं नाही, कधी तांब्याचं भांडं चाटल्यासारखं लागायचं. मग आम्हाला आत बोलावून चाखायला लावण्याचा प्रयोग झाला. तो दोन दिवस टिकला. ओंकार म्हणाला, मीठ हवं. सुजित म्हणाला, मीठ ठीक, तिखट कुठाय? मी म्हणाले, मला तर बरं लागतंय. कारण मला सगळंच बरं लागतं. बर्फाच्या कारखान्यातल्या एका दादाने आमसूल मागितलं. काकीने सगळ्यांचं ऐकलं, आणि त्या दिवशीचं कालवण मांजरानेही हुंगून सोडलं.

श्रावण सरत आला होता. होड्या समुद्रात गेल्या, खलाशी परतले. काकीने आपल्या जावेला, लताकाकीला बोलावून घेतलं. ती खालच्या आळीत राहायची. ती रांधायची आणि काकी बाजूला उभी राहून कांदे कापायची. जेवण वाईट नव्हतं. पण त्यात कुणाचीच आई नव्हती.

एका संध्याकाळी काकीने आम्हाला सांगितलं, "गणपती झाले की दुसरी खानावळ बगा रे. लताला तिचा घर हाय, रोज नाय येनार ती. मी बंद करते."

ओंकार म्हणाला, "काकी, मीठ आम्ही वरून घेऊ की."

"वरून मीठ घ्यायचा तर माजी खानावळ कशाला? हाटेलात जावा."

ती हे रागाने नाही म्हणाली. म्हणून जास्त वाईट वाटलं.

गणपतीत आम्ही सगळे आपापल्या गावी गेलो. आमचा गणपती दीड दिवसाचा. सुट्टीनंतर लगेच परीक्षा होती, म्हणून विसर्जन करून मी परत आले. काकीने कधीचंच बजावून ठेवलं होतं, "गौरीला माज्याकडं जेवायचा." त्यांच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, चिंबोऱ्यांचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. मी सकाळीच गेले. चिंबोऱ्या टोपलीत खडखड करत होत्या. लताकाकी पाटा धूत होती.

"लता, आज कालवन तू कर," काकी म्हणाली. "माज्या हातनं गौरीचा बिघडायला नको."

"करते," लताकाकी म्हणाली. तिने खोबऱ्याचं वाटप परतलं, चिंबोऱ्या सोडल्या, रस्सा उकळला. मिठाचा डबा उघडला आणि थांबली. "वैनी, किती घालू? चाखता तर येनार नाय."

"का?"

"का म्हंजे? नैवेद्य हाय. गौरीच्या आदी कोन चाखतो?"

काकी कांदा चिरता चिरता थांबली. मला वाटलं बोट कापलं. ती लताकाकीकडे बघत राहिली, मग पातेल्याकडे.

"दरवर्षी तू करतेस, तवा काय अंदाज घेतेस?" लताकाकीने विचारलं.

"काय नाय," काकी सावकाश म्हणाली. "नुसता घालते."

"मग घाल."

इतकी साधी गोष्ट होती. लग्न होऊन आल्यापासून दर गौरीला, दर सणाला ती न चाखता रांधत आली होती आणि नैवेद्याच्या जेवणाला कधी कुणी नाव ठेवलं नव्हतं. पण दाढ काढल्यापासून हे तिला आठवलं नव्हतं, आम्हाला तर ठाऊकच नव्हतं. ती उठली, हात धुतले, पदर खोचला. पातेल्यावर वाकून वाफ नाकात घेतली. पळीने रस्सा वर उचलून परत सोडला आणि तो कसा पडतो ते बघितलं. मग मीठ चिमटीत नाही, मुठीत घेतलं. डोळे मिटून तिने मीठ सोडलं आणि लगेच झाकण ठेवलं. पुन्हा विचार करायला लागू नये म्हणून असेल.

नैवेद्य दाखवून झाला. पानं वाढली. पण कुणी जेवायला सुरुवात करेना. सगळे तांडेलकाकांकडे बघत होते, आणि त्यांना त्याची गंमत वाटत असावी. त्यांनी भाकरी सावकाश मोडली. रश्शात बुडवली. तोंडात घातली. छताकडे बघितलं. दुसरा घास घेतला.

"सांगा की मेला!" काकी ओरडली. "गौर परत जाईल तोवर."

"चिंबोऱ्या भरलेल्या हायत," तांडेलकाका म्हणाले.

"आनि?"

"आनि काय? मीठ बरोबर हाय."

काकी मटकन खाली बसली. मग म्हणाली, "मंग एवडा वेळ काय मोजत होतात?" आणि हसायला लागली. लताकाकीही हसली, मीही. काकी त्या दिवशी किती जेवली, तिलाही कळलं नसेल. चव अर्धीच लागत होती, पण जेवली पोटभर.

गणपतीनंतर मुलं परत आली, ती दुसरी खानावळ शोधायच्या तयारीने. काकीने सगळ्यांना बसवलं. "आजपास्नं रोज गौर," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून तिने चाखणं सोडलं. वास घ्यायची, रस्सा पळीवरून पडताना बघायची, उकळीचा आवाज ऐकायची आणि हाताला येईल तेवढं मीठ घालायची. सुरुवातीला एकदोनदा थोडं इकडे-तिकडे झालं. पण पाण्याचं पिंप रात्रीपर्यंत पुरायला लागलं.

मॅडमही एकदा जेवायला आल्या. आपल्यामुळे हे झालं, असं मनात घेऊन संकोचून कोपऱ्यात बसल्या, अगदी माझ्यासारख्याच. काकीने विचारलं, "डॉक्टरीनबाई, तुजी आई सोलकढीत काय घालते?" मॅडम म्हणाल्या, थोडं आलं. पुढच्या वेळी सोलकढीत आलं होतं. मग त्या येतच राहिल्या. जेवण झालं की पिशवीतून कापसाच्या काड्या काढायच्या आणि काकी पडवीत सगळ्यांसमोर जीभ बाहेर काढून परीक्षा द्यायची. "कॉपी नाय, कॉपी नाय," आम्ही ओरडायचो.

एकच गोष्ट चुकल्यासारखी वाटायची. टक वाजत नव्हता. जेवण कधी तयार झालं ते कळायचं नाही, आम्ही आपले बसून राहायचो. मग थंडीत एका दुपारी, आम्ही कशावरून तरी वाद घालत असताना आतून आवाज आला. टक. आधीसारखाच, खणखणीत. ओंकारने सुजितला मिठी मारली. काकीची जीभ परत आली, असं आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो. काकीला विचारलं तर ती नुसती हसली. त्यानंतर रोज टक वाजत राहिला.

मग माझं बी. ए. झालं आणि कोल्हापूरला पुढे शिकायला जायचं ठरलं. निघायच्या दिवशी दुपारी सामान रिक्षात ठेवून मी काकीला भेटायला गेले. तांडेलकाका पायरीवर होते. "आत हाय," म्हणाले. पडवीत नवीन मुलं बसली होती, मला न ओळखणारी. मी पडदा सारला.

काकीची पाठ माझ्याकडे होती. कालवण उकळत होतं. तिने वास घेतला, रस्सा वर उचलून सोडला, हातात मीठ घेतलं आणि घातलं. पळी बाजूला ठेवली. डावा हात कमरेवर होता, कोरडा. हातावर थेंब टाकला नाही, काही चाटलं नाही. नुसतं तोंड पडवीकडे केलं आणि मला बघून थांबली.

"काकी, चाखलं नाहीस?"

"हळू बोल." तिने मला आत ओढलं. "चाखून काय करू? उजवीकडं गोड परत आला, थोडा आंबट आला. खारट अजून दर्यातच हाय. डॉक्टरीनबाई म्हनते येईल."

"मग रोज टक कशाला?"

"पोरांना टक ऐकल्याबिगर जेवायला सुचत नाय ना गो. नुसती बसून राहतात. मला बगवत नाय."

तिने माझ्या पिशवीत आमसुलांची पुडी कोंबली. "आता तिथं एवढासा भात घेशील तर बग," म्हणाली. मी वाकून नमस्कार केला. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला आणि मी पायरी उतरले.

चप्पल घालताना एकदा मागे वळून बघितलं. पडदा थोडा उघडा राहिला होता. काकीने मला बघून डोळा मिचकावला, मान वर केली, छताकडे बघितलं आणि टक वाजवला. पडवीतली बाकं सरकली. ताटं वाजली.